दोघींचं पार्टिशन

मुलुंड (पूर्व)
९ फेब्रुवारी १९८६

माणिक,

पत्र कामाचं आहे.

तुझे यजमान गेल्याचं क्षमाकडून कळलं. ती आता शाळेतून निवृत्त होऊन सांताक्रूझला मुलीजवळ असते आणि सगळ्या जुन्या शिक्षिकांच्या बातम्या सगळ्यांना पोचवते. वाईट वाटलं. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, तेही जिन्यात, तुझी ट्रंक उतरवताना. सभ्य वाटले होते. त्याहून जास्त लिहिलं तर खोटं होईल.

आता काम. आपल्या बिल्डिंगचे स्लॅब खराब झालेत. माझ्या खोलीच्या छताचा गिलावा दोनदा खाली आला. एकदा तर उशीवरच, पण मी शाळेत होते. सळया उघड्या पडल्यात. सोसायटीने होळीनंतर काम काढायचं ठरवलंय. परवा कंत्राटदाराचा माणूस खोली बघून म्हणाला, "बाई, हे मधलं कपाट हलवावं लागेल. नाहीतर टेकू कुठे लावणार?"

मधलं कपाट म्हणजे आपलं पार्टिशन. हो, ते अजून आहे. उभं केलं तिथेच आहे.

जागा माझ्या नावावर आहे, पण पार्टिशन दोघींचं आहे. लाकूड दोघींनी आणलं, कापलं दोघींनी, जोडलं दोघींनी. तेव्हा काढायला तुझी संमती हवी. मी हे मीटिंगमध्ये सांगितलं तर आमचे सेक्रेटरी तळपदे हसले. म्हणाले, "चौदा वर्षांत जी बाई इकडे फिरकली नाही, तिला विचारून तुम्ही खिळे उपटणार?"

मी म्हटलं, "त्यात खिळा एकही नाही. सगळे स्क्रू आहेत."

तर प्रश्न दोन. पार्टिशन काढू का? आणि काम झाल्यावर परत उभं करायचं का? पहिल्याचं उत्तर लगेच दे. दुसऱ्याचं विचार करून दिलंस तरी चालेल. एकट्या माणसाच्या घरात पार्टिशन लागत नाही हे मला कळतं. म्हणूनच विचारतेय.

नलिनी वागळे


२ मार्च १९८६

माणिक,

तुझं कार्ड मिळालं. "घर तुझं आहे, हवं ते कर." हे उत्तर नव्हे. वर्गात एखादीने असं लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. प्रश्न घराचा नव्हता.

तरी पहिल्या प्रश्नाला तू 'हो' म्हटलंस असं धरून मी आज सुरुवात केली. वरचे स्क्रू निघत नव्हते. गंज धरलाय. थेंब थेंब तेल सोडून ठेवलंय, उद्या बघीन. तळपदे सुतार पाठवतो म्हणत होते. मी नको म्हटलं. जे आपण जोडलं ते दुसऱ्याने पहार घालून उचकटावं, हे मला पटत नाही.

स्टुलावर बसून तेल मुरायची वाट बघताना सगळं आठवत होतं. तुला आठवतं का, भांडण कशावरून झालं होतं? तुला रात्री चित्रं काढायची असायची आणि मला पहाटे उठायचं असायचं. तुझा दिवा, माझा गजर. टर्पेंटाइनचा वास माझ्या उशीला. शेवटी तूच म्हणालीस, "नले, मधे भिंत घालू, नाहीतर एक दिवस मी तुला तरी रंगवीन."

मग आपण हत्यारं घ्यायला गेलो. दुकानदार काय म्हणाला होता! "ताई, साहेबांना पाठवा. बायकांना नंबर कळत नाहीत." तू गोड हसून म्हणालीस, "साहेब ह्याच," आणि माझ्याकडे बोट केलंस. मी करवतीचे दात मोजून दाखवले, रंध्याचं पातं नखावर घासून पाहिलं. पातं बघणं मला वडिलांनी शिकवलं होतं. ते गिरणीत फिटर होते आणि घरातली कुठलीही वस्तू मोडली की पोरांना हाक मारायचे, मुलगा-मुलगी न बघता. दुकानदाराने मग स्टूल पुढे केलं. पण जाताना पुन्हा म्हणालाच, "जपून हां, बोटं कापतील."

बोट तुझं कापलं. पहिल्याच दिवशी. पटाशीने.

आणि कुर्ल्याच्या वखारीतलं ते सागवान! कुठल्या तरी पडक्या बंगल्याच्या दरवाज्यांचं. ठाण्याकडे जाणाऱ्या लॉरीत टाकलं आणि दोन शिक्षिका ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या. तू त्याला वाटभर त्याच्या गावाबद्दल विचारत होतीस. मी मागे वळून वळून लाकूड मोजत होते.

साधी फळ्यांची भिंत आपल्याला नको होती. दोन्ही बाजूंनी फडताळ हवं. अर्धे कप्पे तुझ्याकडे उघडणारे, अर्धे माझ्याकडे, एकाआड एक. नकाशा तू काढलास, मापं मी घेतली. छताची उंची चार ठिकाणी मोजली मी. सुतळीला ओळंबा बांधून मोजली. जमिनीवर आडवं ठेवून सगळं जोडलं, सरस लावून, स्क्रू मारून. रविवारी दुपारी उभं करायला घेतलं, आणि निम्म्याहून वर आलं न आलं तोच धाडकन वरचा कोपरा छतात अडकला. ना वर जाईना ना खाली येईना. आपण दोघी दोन टोकांना, खांद्यावर ते ओझं घेऊन.

मी म्हटलं, "माप बरोबर आहे. मी चारदा घेतलंय."

तू म्हणालीस, "माप उभ्या कपाटाचं आहे ना? आत्ता ते तिरकं आहे."

आणि मग तू त्या ओझ्याखालीच हसायला लागलीस. "नले, नववीच्या मुलींना कर्ण कोण शिकवतं गं? कर्ण उंचीपेक्षा मोठा असतो ना?"

त्या आवाजाने तळमजल्यावरची मालन वर आली होती. दारातूनच म्हणाली, "काय गो बायांनो, घर पाडतास की काय?" तिचे यजमान धाकू पाळीवरून नुकतेच आले होते. त्यांनी मुकाट्याने एक टोक धरलं, तेव्हा कुठे ते खाली टेकलं. आपण मग खालून पट्टी कापून काढली. छताशी फट राहिली ती राहिलीच. रात्री तुझा दिवा लागला की माझ्या छतावर त्या फटीतून उजेडाची एक पट्टी पडायची. मी तक्रार केली होती. तू वर्तमानपत्राची घडी करून फटीत कोंबलीस. पंधरा दिवसांनी मीच ती काढून टाकली, हे तुला माहीत नसेल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

नलिनी


१६ मार्च १९८६

माणिक,

एवढं लांब पत्र येईल असं वाटलं नव्हतं. दोनदा वाचलं.

तुझं नागपूरचं घर चांगलं आहे हे ऐकून बरं वाटलं. चंद्रप्रकाश सावत्र असूनही तुला आई म्हणतो, सून सुगंधा ताट वाढून हातात देते, हे सगळं मी नीट वाचलं. आणि त्याखाली तू जे लिहिलंस तेही वाचलं. न्हाणीघराचा नळ गळत होता, तू वायसर बदलायला पाना घेऊन बसलीस तर सुगंधाने तो हातातून काढून घेतला. "आई, असं काय करता? लोक म्हणतील सासूला नळ दुरुस्त करायला लावतात." मग माणूस बोलावला. माणूस तीन दिवसांनी आला. तीन दिवस तू नळाचा आवाज ऐकत बसलीस.

मला राग आला. कोणाचा ते सांगता येत नाही, कारण त्या मुलीचं काही चुकलेलं नाही. ती मान देतेय. पण ज्या बाईने हाताने गिरमिट फिरवून सागवानात भोकं पाडली तिला नळाशी बसू न देणं हा कसला मान? तू लिहिलंस, "नले, मला इथे सगळं मिळतं, फक्त काम मिळत नाही." हे वाक्य लिहून वर "सहज लिहिलं" असं लिहायची काही गरज नव्हती. तू सहज काही लिहीत नाहीस.

तू विचारलंस, लग्नानंतर तू पाठवलेल्या दोन पत्रांना मी उत्तर का दिलं नाही. कारण त्यात काही विचारलेलं नव्हतं. नागपूरची संत्री, नागपूरचं ऊन. त्याला काय उत्तर लिहायचं?

आणि तू विचारलंच आहेस म्हणून सांगते. लग्न करतेस याचं मला काही वाटलं नव्हतं. एकेचाळिसाव्या वर्षी करतेस याचंही नाही. आपण पार्टिशनला पॉलिश करत होतो. तू तुझ्या बाजूने, मी माझ्या. आणि तू पलीकडून सांगितलंस, "नले, मी लग्न करतेय. तारीख ठरली." तोंड न दाखवता. मी पॉलिश करत राहिले. पूर्ण केलं. तुझी बाजू अर्धवट राहिली, ती अजून तशीच आहे. वरचे तीन कप्पे चकचकीत, खालचे कोरडे. लोक विचारतात हे असं का. मी सांगते, पॉलिश संपलं.

बाकी पार्टिशन काल उतरवलं. स्क्रू सगळे निघाले, दोन सोडून. ते दोन ड्रिलने काढले. तुझ्या बाजूचे कप्पे रिकामे केले. त्यात मी कधी काही ठेवलं नव्हतं, उगाच पसारा वाढतो. तुझे दोन ब्रश, वाळलेला निळा रंग आणि एक कात्री निघाली. कात्रीला धार लावून ठेवलीय. फळ्या गॅलरीत ताडपत्रीखाली आहेत.

काम होळी झाल्यावरच सुरू होईल. तोवर खोली रिकामी आहे. बोललं की आवाज घुमतो. अर्थात मी कोणाशी बोलणार? पण काल पाना खाली पडला तेव्हा कळलं.

नलिनी


६ एप्रिल १९८६

माणिक,

स्लॅबचं काम झालं. आठवडाभर मी स्वयंपाकघरात झोपले. नवीन गिलावा ओला आहे, त्याचा वास येतो. छत सरळ केलंय, मी पाहिलं. कंत्राटदाराला एका कोपऱ्यात पुन्हा करायला लावलं. तो तळपद्यांना म्हणाला म्हणे, "त्या बाई शिक्षिका आहेत हे आधी सांगायचं ना."

आता मालन रोज वर येऊन खोली बघून जाते. धाकू गेल्यापासून तिला दुपारी वेळ जात नाही. काल म्हणाली, "बाई, ता कपाट कित्याक ठेवलात इतकी वर्सां? बघा खोली कशी मोकळी झाली. वारो इलो." वारा येतो हे खरं आहे. सगळ्यांचं हेच म्हणणं पडलं. खालचा सुतार कुंडलिक दोनदा येऊन गेला. त्याला लाकूड हवंय. "बाई, असलं सागवान आता मिळत नाही. मी तुम्हाला त्यातून छान शोकेस करून देतो, टीव्ही ठेवायला." मी म्हटलं, माझ्याकडे टीव्ही नाही. तो म्हणाला, "मग घ्या ना, बाई!"

मी त्याला महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलंय. खरं तर का सांगितलं ते त्यालाही कळेना. तुला कळत असेल.

मोकळ्या खोलीची मला सवय होत नाही. रात्री चष्मा ठेवायला हात डावीकडे जातो आणि तिथे कप्पा नसतो. दोनदा चष्मा खाली पडला. दुसऱ्यांदा काडी मोडली. पितळेची बारीक तार ओवून बसवली, नवीन बिजागरी झाली.

आता स्पष्ट लिहिते, कारण आडून लिहिणं मला जमत नाही आणि गेले दोन महिने मी तेच करतेय.

इथे ये. राहायला ये. तुला जेवणाचं ताट कोणी हातात देणार नाही. नळ गळला तर तू बदल. मी शाळेत असेन तर पाना सांडशीच्या शेजारी असतो. तुझी बाजू खिडकीकडची होती, ती तशीच देईन. रात्री दिवा लावलास तर मी काही म्हणणार नाही.

यायचं नसेल तर तसंही लिही. मग लाकूड कुंडलिकला देते आणि विषय संपला. पण "हवं ते कर" असं लिहू नकोस. मला काय हवं ते मी वर लिहिलंय.

नलिनी


२० एप्रिल १९८६

माणिक,

एकाच टपालात दोन पाकिटं आली. एक तुझं, एक चंद्रप्रकाशचं. त्याचं आधी फोडलं, कारण तुझं फोडायला धीर होत नव्हता.

मुलगा चांगला आहे. अक्षर वाईट आहे, पण मुलगा चांगला आहे. त्याने लिहिलंय, "बाई, आई तुमच्याकडे जायचं म्हणतात. आम्ही कुठे कमी पडलो का? लोक विचारतील तर काय सांगू?" मी त्याला लगेच उत्तर पाठवलं. कमी पडला नाहीस, जास्त पडलास. आणि लोकांना सांग, आई मुंबईला कामाला गेली. यात खोटं काही नाही.

मग तुझं. तू लिहिलंस, "या वयात नवऱ्याचं घर सोडून मैत्रिणीकडे राहायचं म्हणजे लोकांच्या भुवया वर जातील." माणिक, तुला कधीपासून लोक दिसायला लागले? लॉरीत चढताना साडी वर खोचलीस तेव्हा नाक्यावर अर्धं कुर्ला बघत होतं. आणि हा मुद्दा खराच असेल तर तो पत्राच्या सुरुवातीला आला असता. तो चौथ्या पानावर आलाय. पहिल्या तीन पानांत तू विचारलंस, गॅलरीतल्या फळ्यांना वाळवी लागली नाही ना, सरस हल्ली मिळतो का, आणि नव्या छताची उंची तितकीच आहे का.

वाळवी नाही. सरस मिळतो, पण आता पांढरा बाटलीतला वापरतात, उकळावा लागत नाही. छत बोटभर खाली आलंय.

"एक महिना येऊन बघते," असं तू लिहिलंस. बघ. मी काही अट घालत नाही. महिना झाल्यावर नागपूरचं तिकीट मी स्वतः काढून देईन, कुरकुर न करता. ते मला कसं जमेल ते मी बघीन.

एक गोष्ट मात्र. चंद्रप्रकाशने विचारलंय की आईंचं मन दुखावेल असं तिकडे काही होणार नाही ना. मी त्याचं उत्तर लिहिलं नाही. त्याला मी काय शब्द देऊ? मी कशी बोलते ते तुला माहीत आहे. मन दुखावेल. तू उलट बोलशील. पूर्वी बोलायचीस तशी बोल. पार्टिशनच्या पलीकडून नको, समोर येऊन बोल.

गाडीची तारीख कळव. कल्याणला उतरलीस तर मुलुंडला यायला सोपं.

नलिनी


२९ एप्रिल, मंगळवार
(दारातल्या खुर्चीवर ठेवतेय. किल्ली मालनकडे आहे.)

माणिक,

आज दहावीच्या पेपरांची मॉडरेटर्सची मीटिंग आहे. टाळता आली नाही. टाळायचा प्रयत्न केला का असं विचारशील. केला नाही. तुझी गाडी येईपर्यंत इथे दाराकडे बघत बसणं मला जमलं नसतं.

आमटी झाकून ठेवलीय. भात तुझा तू लाव, म्हणजे गरम मिळेल. मालन येईल आणि भरपूर बोलेल. तिला बोलू दे. तिने तुझ्यासाठी सोलकढी केलीय.

न्हाणीघराचा नळ गळतोय. मी मुद्दाम ठेवलेला नाही, कालपासूनच सुरू झाला. वायसर ओट्यावर आहेत.

फळ्या गॅलरीतून आत आणून भिंतीला टेकवल्यात. मालनच्या भाच्याने हात दिला. कप्पे दोन्ही बाजूंनी घासून काढलेत. कोरडी बाजू आणि चकचकीत बाजू आता एकसारखी आहे, दोन्हींना नव्याने पॉलिश लागेल. कुंडलिकला कळवलंय की लाकूड विकायचं नाही. त्याने विचारलं, "मग परत उभं करणार?" मी म्हटलं, माहीत नाही.

ते खरंच माहीत नाही. काल मी टेप घेऊन खोलीच्या मधोमध उभी राहिले. जुन्या पार्टिशनच्या खुणा जमिनीवर होत्या, तिथून मोजायला वाकले आणि उठले. मी एकटीने घेतलेलं माप हे एकटीचं होतं. म्हणून लादी घासताना त्या खुणाही पुसून टाकल्या. आता जमिनीवर काही नाही.

खिडकीत खडू आहे. शाळेचाच आहे, पांढरा. पार्टिशन जिथे हवं असेल तिथे रेघ मार. जुन्या जागीच हवं असं नाही. तुझी बाजू मोठी घ्यायची तर मोठी घे, ईझल मांडायला जागा लागेल. मी त्यावर वाद घालणार नाही. घातला तर तूही घाल.

मी संध्याकाळी सहापर्यंत येते.

रेघ मारलेली नसली तरी मला चालेल.

नलिनी